तंगूस

जिताडा की तांबोशी, यावर
हसुराम केणी आणि मी अकरा वर्षं भांडतोय
दिवाळ्याच्या धक्क्यावर,
पाणी भरायला लागलं की.
भांगाचे दिवस सोडून. भांगाला भांडायलाही मजा नाही.

मी जिताड्याचा.
त्याचं थांबणं मला आवडतं.
पुलाच्या खांबाची सावली संपते नेमकं तिथं
तो धारेला तोंड करून उभा,
बँकेत टोकन घेऊन बसलेल्या माणसासारखा:
घाई नाही, पण लक्ष आहे.
समोरून कोळंबी जाते
आणि पाण्याखाली कुणी पेटीचं झाकण आपटावं
तसा एकच आवाज. बॉक.
मग तो वर येतो, अख्खा,
डोकं झटकतो, गळ उडवून लावतो,
कल्ल्याच्या पात्यानं बोट चिरतो
आणि बॅटरीच्या उजेडात त्याचा डोळा
फुंकलेल्या विडीसारखा लाल होतो.

"तमाशा नुसता," हसुराम म्हणतो.
हा माणूस पूर्वी खाडीत बुडी मारून रेती काढायचा.
बांबू धरून खाली, बादली घेऊन वर,
वर, खाली, वर.
डावा कान तिथंच राहिला.
त्यानं तळ डोळ्यांनी नाही, हातांनी पाहिलाय.
"तांबोशी बघ. दगडाच्या पोटात ऱ्हाते.
घास घेतला का सरल घरात.
उडी नाय, बोंब नाय.
तुला कलंपर्यंत तुझा तंगूस कालवांत."
आणि तिचे सुळे दाखवायला
तो स्वतःचे दोन उरलेले दात दाखवतो.

बामाआत्या जिवंत कोळंबी विकते, दहाला एक.
ती एकदा मध्ये पडली:
"जिताडा जिताडा काय करतंस?
बारका असतो तवर बाप्या. मोठा झाला का बाई.
तुझा त्यो बारा किलोचा, फोटो काढलास तो, बाईच व्हती."
मी चार दिवस जिताड्याबद्दल बोललो नाही.
मग हसुरामनंच विषय काढला, मला बरं वाटावं म्हणून:
"आमची पन कुटं पुरी गावते?
खारीत मिळते ती पोरसवदा.
मोठी झाली का खोल दर्यात जाते. परत येत नाय."
त्यानंतर तो बराच वेळ रीळ पुसत बसला.
त्याची लेक मस्कतला असते.
मी काही जोडत नाही. पुसत बसला, एवढंच.

परवा पौर्णिमेनंतरची तीज. रात्रीचे दोन.
पाणी गच्च भरून थांबलेलं,
पाम बीचच्या टॉवरांचे दिवे त्यात उभेच्या उभे.
सातव्या कोळंबीला माझा रॉड वाकला.
"जिताडा!" मी.
"तांबोशी!" तो.
आम्ही उडीची वाट पाहिली. उडी नाही.
"बघ!" तो ओरडला.
पण दगडाकडेही गेलं नाही ते.
मधोमध चाललं, जड, सावकाश,
जसं कुणी खोलीतली तिजोरी सरकवतंय.
रीळ किरकिरत होतं, माझी मनगटं तापली होती,
हसुराम माझा पट्टा मागून धरून उभा होता,
आणि तो काय म्हणत होता, कोण जाणे, शिव्याच असाव्यात.
मग हातात काहीच उरलं नाही.

तुटलेलं टोक आम्ही बामाआत्याकडे नेलं.
तंतू पिंजलेले असले तर जिताड्याचा जबडा,
साफ कापलं असलं तर तांबोशीचा दात,
हा कायदा तिचाच.
तिनं टोक चिमटीत फिरवलं. ओठांना लावलं.
उजेडाकडं धरलं, डोळा बारीक केला.
"एका अंगानं पिंजलाय. एका अंगानं साफ."
"म्हंजे?"
"म्हंजे सात कोलंब्यांचे सत्तर झाले."

पाणी उतरायला लागलं होतं.
हसुराम त्याचा चांगला कान माझ्याकडं येईल असा बसला,
माझ्या तंगुसाला नवा गळ बांधत.
गाठीवर थुंकला, दातांनी आवळली.
खूप वेळानं म्हणाला,
"उडी मारली असती ना,
तर मानला असता."